कवी : शोधतोय

संपादकांचा फोन आषाढात आला. ‘छापील संग्रहांवर नको. कुणी निवडली नाही, कुणी छापली नाही, कवीनं स्वतःच लिहून स्वतःच सोडून दिली, अशी कविता लोकांना भेटते कशी आणि पुढे तिचं काय होतं, ते जरा फिरून बघा,’ त्या म्हणाल्या. मी चार दिवस फोनमध्ये डोकं घालून बसले. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब. पाऊस, चहा, आई आणि ‘ती’ यांच्यावर इतकं वाचलं की पाचव्या दिवशी कुठली कविता कुणाची ते आठवेना. त्याच दिवशी सकाळी सहा चाळीसला मावशीचा निरोप आला आणि कुठे जायचं ते ठरलं.

मावशी कोथरूडला राहते. वय अठ्ठ्याहत्तर. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती रोज सकाळी काहीतरी टाकते. त्या दिवशी कविता होती. गावात टँकर आला आहे. एका बाईनं रांगेत तीन हंडे लावले आहेत. पहिला घरच्यांना प्यायला. दुसरा कालवडीला. तिसरा भरतो, ती तो डोक्यावर घेते आणि घराकडे न वळता अंधारात चालू लागते. मुलगी दारातून बघते आहे. कविता तिथेच थांबते.

थांबायला हवी होती, असं म्हणायला पाहिजे. कारण खाली यमक जुळवलेल्या आणखी दोन ओळी होत्या, पाण्याचा थेंब थेंब जपा अशा अर्थाच्या. त्याखाली ‘कवी : अनामिक’ आणि जोडलेले हात.

त्या दोन ओळी मला खटकल्या. तिसरा हंडा कुठे गेला हे जिनं (किंवा ज्यानं) सांगायचं टाळलं, ते माणूस शेवटी असा फलक लावणार नाही. इथे दुसरा हात फिरलेला आहे, असं मनानं घेतलं. मग तो पहिला हात कुणाचा?

कोथरूड ते कोईमतूर

व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक खूण २०१८ पासून दिसते. हे दुसरीकडून आलं आहे, एवढंच ती सांगते. कुणाकडून, ते सांगत नाही. कुणी मजकूर उचलून नव्यानं चिकटवला तर ती खूणही जाते. त्यामुळे कवितेचा माग काढायला एकच वाट उरते. ज्यानं पाठवली त्याला विचारायचं, त्याला कुणी पाठवली ते कळलं की पुढचा फोन.

मावशीला ती भिशीतल्या मैत्रिणीनं पाठवली होती. या बाई निवृत्त शिक्षिका. ‘शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या हो. व्हतं, न्हाई, असलं काय काय. मी सगळं दुरुस्त करून मगच पुढे पाठवलं,’ त्यांनी समाधानानं सांगितलं. त्यांना ती सांगलीच्या भावाकडून आली होती, आणि भावाला कोईमतूरहून.

कोईमतूर ऐकून मी चमकले, पण सांगलीकडच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. दिवसभर भट्टी आणि मूस, आणि रात्री फोनवर गाव. कोईमतूरच्या गलाईवाल्यांनी दुसऱ्या घंटीला फोन उचलला.

‘गुरुजींनी टाकलेली ओ. आमचं विट्याचं गुरुजी. रोज एक टाकत्यात, मी पुढं धाडतो.’

‘आणि शेवटच्या दोन ओळी?’

‘त्या गुरुजींच्यात नव्हत्या. आमच्या मेव्हण्यानं जोडल्या. म्हणला, शेवट काय कळंना, वाईच बोध पायजे.’

एवढ्या प्रवासात कुणाचीही नियत वाईट नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. मेव्हण्याला कविता आवडली होती म्हणून त्यानं ती पूर्ण केली. बाईंना आवडली होती म्हणून त्यांनी ती नीटनेटकी केली. मावशीला आवडली होती म्हणून तिनं ती आम्हाला दिली. आणि एवढ्या प्रेमाच्या हातांतून जाताना कवितेची भाषा गेली, शेवट गेला. नाव तर कुणाच्या हाती लागलंच नव्हतं.

गुरुजींची वही

विट्याला एसटीनं गेले. गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे. स्टँडवर स्वतः घ्यायला आले. घरी चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून लांबट, लाल पाठीच्या वह्या काढल्या. दुकानदार हिशेबाला वापरतात तसल्या. एकूण अकरा. फोनवर आलेली कविता मनात राहिली की गुरुजी ती हातानं या वहीत उतरवून काढतात. डावीकडे तारीख आणि कुणाकडून आली ते. उजवीकडे कवीचं नाव. सगळं निळ्या शाईत. जिथे नाव मिळालं नाही तिथे पेन्सिलीनं एकच शब्द : शोधतोय.

‘पेन्सिलीनं का?’

‘सापडलं की खोडता यावं म्हणून.’

मी पानं चाळत गेले. कितीतरी ठिकाणी कागद खरवडलेला होता आणि त्यावर शाईनं नाव होतं. यवतमाळचा रोजंदारीवरचा मुलगा, मुंबईतली परिचारिका, दुबईत गवंडीकाम करणारा एक जण. नाव सापडलं की गुरुजी त्या माणसाला दोन ओळी लिहितात. अप्रतिम, क्या बात, असलं काही लिहीत नाहीत. कुठल्या ओळीवर थांबलो आणि का, एवढंच.

ही शिस्त कुठून आली असं विचारलं, तेव्हा ते विशीतल्या दिवसांकडे गेले. तेव्हा तेही कविता लिहायचे आणि एका नामांकित मासिकाकडे पाठवायचे. त्या कविता ‘साभार परत’ येत. मग मुंबईहून कुणीतरी लघुनियतकालिकांचे अंक आणून दिले. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी काढलेलं ‘शब्द’; पुढच्या दशकात अशोक शहाण्यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचं ‘वाचा’, आणखी कितीतरी. काहींची चक्रमुद्रित पानं, शाई बोटांना लागायची. हे अंक हातोहात फिरत. आपल्यासारखेच कुणी कुणाची परवानगी न घेता कविता छापतात, याचं गुरुजींना तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं, ते सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो. ‘पण अंक कितीही खराब छापलेला असू दे,’ ते म्हणाले, ‘नाव असायचंच. अंक कसाही फिरला तरी कविता आणि नाव एकाच कागदावर.’

तीन हंड्यांची कविता अकराव्या वहीत होती. गुरुजींकडे ती फोटोच्या रूपात आली होती. आता पुष्कळ कविता अशाच येतात. रंगीत पार्श्वभूमीवर अक्षरं, खालच्या काठाला कवीचं नाव. फोटो पुढे पाठवताना कुणीतरी तो कापतो आणि काठ जातो. शिवाय चित्रातली अक्षरं ही चित्रच. त्यातला शब्द शोधपेटीत टाकून चटकन सापडेल याचा भरवसा नाही. या फोटोतही खालची पट्टी उडाली होती, पण पूर्ण नाही. गुरुजींनी फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. अगदी तळाशी एक शिरोरेषा उरली होती. तिच्या खालची अक्षरं गेलेली, वरचं तेवढं शिल्लक. पहिल्या अक्षरावर वेलांटी. पुढे मोकळी रेघ. मग जागा सोडून आणखी एक छोटी रेघ, तिच्यावर अनुस्वार.

गुरुजी या रेघेकडे तीन महिने बघत होते.

मुद्रा

रात्री जेवताना गुरुजी म्हणाले, ‘संतांना ही अडचण नव्हती.’ खरंच आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतं तेव्हा ते नाव त्या चरणाच्या अक्षरसंख्येत धरलेलं असतं. ते काढलं तर चरण लंगडतो. कागद नसला, लिहिणारा नसला, गाणारा निरक्षर असला तरी अभंग म्हटला की नाव म्हटलंच जातं. ज्या काळात रचना तोंडोतोंडी फिरायची, त्या काळानं नाव रचनेच्या आत शिवून ठेवलं होतं.

अर्थात त्यावरही चोर होतेच. तुकोबांच्या अभंगांवर स्वतःचं नाव घालणारा सालोमालो प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये घरोघर पोचला. आणि नामदेवांच्या नावावर नंतरच्या विष्णुदास नामाचे अभंग असे मिसळले की ते वेगळे करण्यात अभ्यासकांची हयात गेली. तरीही निदान भांडण नावावरून होतं. ‘अनामिक’ म्हणून कुणी विषय संपवला नव्हता.

दुसरी तऱ्हा बहिणाबाईंची. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी ते टिपून ठेवत. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. लेवा बोलीतला, बोलीसकट. टिपणाऱ्यांपैकी कुणी भिशीतल्या बाईंसारखं ‘दुरुस्त’ करत बसलं असतं तर आपल्या हाती काय आलं असतं, या विचारानं मला त्या रात्री झोप लागेना.

आणि तिसरी तऱ्हा, जी आजच्या पडद्यावरच आहे. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर येऊ लागल्या. ओवीपाशी गाणारीचं नाव, तिचं गाव. कुठे तिचा आवाज, कुठे तिचा फोटोही. पिठाबरोबर हवेत जाणारी गोष्ट तिच्या धनिणीसकट टिकवता येते, हे तिथे दिसतं. नव्या कविता शोधायला निघालेल्या कुणालाही मी आधी तिथे तासभर बसायला सांगेन.

चुंबळ

सकाळी मी गुरुजींच्या वहीतली कविता मावशीच्या कवितेशेजारी ठेवून वाचली. गुरुजींनी ओळी फोटोत होत्या तशाच तोडल्या होत्या. मूळ कवितेत ‘तिसरा’ हा शब्द ओळीत एकटाच होता. मावशीच्या निरोपात तो मागच्या ओळीला चिकटला होता. मुळात बाई डोक्यावर आधी चुंबळ ठेवते आणि मग हंडा. पुढे कुणाला तरी चुंबळ अनावश्यक वाटली असावी. पण ती चुंबळच तर सांगते की बाईला लांब जायचं आहे.

शोधण्याची एक रीत मला या दिवसांत कळली. पहिली ओळ शोधू नये, ती सर्वांत जास्त बदललेली असते. कवितेतला सर्वांत खरबरीत, सर्वांत स्थानिक शब्द घ्यावा, त्याच्या जोडीला आणखी एक, आणि जी नोंद सर्वांत जुनी निघेल तिथे थांबून वाचावं. मी ‘चुंबळ’ आणि ‘तिसरा हंडा’ टाकलं. गुरुजी खुर्ची सरकवून शेजारी बसले. बरंच इकडचं तिकडचं आलं आणि मग फेसबुकवरची आठ महिन्यांपूर्वीची एक नोंद. ओळी तशाच. बोध नाही. खातं एका बाईच्या नावाचं, फोटोच्या जागी जात्याचं चित्र. नावाच्या पहिल्या अक्षरावर वेलांटी, आडनावावर अनुस्वार.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी त्या बाईंना निरोप लिहिला. दुपारी उत्तर आलं : ‘या की. शनिवारी अंगणवाडी लवकर सुटते.’

दोन ताई

विट्याहून आटपाडीची एसटी माणदेशात शिरते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ इथलीच. त्यांचं माडगूळ याच तालुक्यात, आणि गदिमांचा जन्म शेटफळ्याचा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या गतीनं त्यांचं छप्पन्न गीतांचं ‘गीतरामायण’ घरोघर गेलं, तेव्हा ऐकणाऱ्यांनाही नवी कविता अशीच हवेतून मिळाली होती. टेंभू योजनेचं पाणी आता या भागात पोचलं आहे. खिडकीतून डाळिंबाच्या बागा दिसत होत्या. टँकर कुठे दिसला नाही.

त्या बाई अंगणवाडीच्या पायरीवर उभ्या होत्या. मी त्यांना ताई म्हणाले, त्या मला ताई म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत तसंच चाललं. आत भिंतीवर वजनाचा तक्ता, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं.

‘मोबाइलवर लिहायला कुठे शिकलात?’

‘हिथंच. पोषण ट्रॅकर आला २०२१ ला. पोरांची वजनं, उंच्या भरता भरता बोटं बसली. मग वाटलं, वजनं लिवता येत्यात तर बाकीचं का न्हाई?’

मला माझे जुने दिवस आठवले. आमच्याकडे ज्याच्या संगणकावर जो फाँट असे त्याच फाँटात मराठी दिसायचं; मैत्रिणीला पाठवलेली कविता तिच्याकडे खुणांचा ढीग होऊन उघडायची. युनिकोड रुळल्यावर ते दुखणं गेलं. २०१७ मध्ये गूगलनं मराठीत बोलून लिहायची सोय आणली, आणि ज्यांना लिहिण्याचा सराव नव्हता अशी कितीतरी माणसं लिहिती झाली. ताईंनीही ती वापरून पाहिली. ‘मी व्हतं म्हणते, त्ये होतं लिवतं. दोन-चारदा म्हणून बघितलं. मग आपलं एकेक अक्षर दाबायला लागले.’

खात्यावरचं नाव त्यांचं नाही. ते त्यांच्या आईचं आहे, माहेरच्या आडनावासकट. आई जात्यावर ओव्या म्हणायची, स्वतः रचलेल्या. एकही कुणी लिहून घेतली नाही. ‘मला दोनच येत्यात पुऱ्या. बाकीच्यांची नुस्ती चाल राहिली डोक्यात. मग म्हणलं, ती गेली, तिचं नाव तरी लिवत राहू दे.’

मी त्यांना सांगितलं की त्यांची कविता कोईमतूरला जाऊन आली, बोध घेऊन आली आणि ‘अनामिक’ होऊन पुण्यात उतरली. बोधाच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. ‘पाणी वाचवा व्हय,’ शेवटी म्हणाल्या. ‘आमच्याकडं सांडायला पाणी व्हतं कवा?’

कायद्यात याची तरतूद आहे, हे मी त्यांना सांगितलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली की हक्क लागू होतो, नोंदणीची गरज नाही. आणि कलम ५७ प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा आणि लेखकाची बदनामी होईल अशी लेखनाची मोडतोड थांबवण्याचा हक्क लेखकाचाच. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण कोर्टाची पायरी चढायची त्यांची इच्छा नाही. त्यांना काय हवं आहे, ते त्यांनी एका उदाहरणानं सांगितलं. त्या नोंदीखाली चाळीसेक माणसांनी ‘मस्त’, ‘छान’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिलं होतं. एकानं मात्र विचारलं होतं : तिसरा हंडा कुठे नेला?

‘त्यो एकटाच वाचला असं वाटलं मला,’ ताई म्हणाल्या.

‘मग? कुठे नेला?’

‘मलाबी म्हाईत न्हाई, ताई. आईनं कधी सांगितलं न्हाई. इचारलं की म्हणायची, झोप तू.’

निघताना मी लेखात नाव छापू का विचारलं. गावात टँकरच्या पाळीवरून जुनी भांडणं आहेत आणि अजून ती माणसं आहेत. ‘गाव, काम लिवणार असशीला तर नाव नगं. नाव लिवणार असशीला तर बाकी काय नगं.’ मी त्यांचं आणि गावाचंही नाव गाळून बाकी लिहिलं आहे. कवितेबरोबर नाव जायला हवं असं इतकी पानं सांगत आले, आणि त्या नावाशिवायच हा लेख छापायला देते आहे, याची मला टोचणी आहे. पण नाव कुठे सांगायचं हा निर्णयही त्यांचाच.

वाचणाऱ्याचं काम

संपादकांचा प्रश्न उरतोच. भेटते कशी? धीर धरला तर भेटते. चार दिवसांत मी जे वाचलं त्यातलं बहुतेक कच्चं होतं, हे स्वच्छ सांगायला हवं. गद्य वाक्य चार ठिकाणी तोडून उभं केलेलं, कुणाच्या तरी लोकप्रिय ओळीची चाल उचललेली, बासरीच्या साथीवर गंभीर आवाजात वाचल्यामुळे खोल वाटणारं. ‘साभार परत’ म्हणणारं कुणी राहिलं नाही, त्यानं गुरुजींसारख्या कितीकांचा अपमान वाचला. पण त्याबरोबर दुसरी कुणीतरी व्यक्तीही गेली, जी म्हणायची की शेवटच्या दोन ओळी काढ, कविता आधीच संपली आहे. ते काम आता वाचणाऱ्यावर आलं आहे.

मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. एखादी कविता मला थांबवते तेव्हा आवाज बंद करून ती मोठ्यानं स्वतः वाचते. टिकली तर त्या माणसाच्या आणखी पाच-सहा जुन्या कविता शोधून वाचते, कारण एक चांगली कविता कुणाकडूनही होऊन जाते. सहांत मात्र माणूस दिसू लागतो. ताईंच्या खात्यावर मी मागे मागे गेले तेव्हा खिचडीच्या पातेल्यावर एक कविता सापडली, वजनकाट्यावर रडणाऱ्या पोरावर एक, आणि आईच्या अर्ध्या राहिलेल्या ओवीपुढे मुद्दाम कोरी सोडलेली एक ओळ. हे कुठल्या यादीत, कुठल्या स्पर्धेत, कुठल्या संमेलनाच्या मंडपात मला भेटलं नसतं. आणि आवडलं तर काय आवडलं ते लिहावं. चाळीस ‘मस्त’पेक्षा एक प्रश्न आठ महिने लक्षात राहतो, हे मी पायरीवर बसून ऐकलं आहे.

परतीच्या वाटेवर विट्याला उतरले. गुरुजींना ताईंच्या आईचं नाव सांगितलं. वहीत लिहायला ताईंची ना नव्हती. त्यांनी खोडरबर घेतलं, ‘शोधतोय’ पुसलं, कागदावर फुंकर मारली आणि शाईच्या पेननं नाव लिहिलं. मग शेजारच्या रकान्यात, कुणाकडून आली तिथे, काही वेळ विचार करून लिहिलं : आईकडून.

पुण्याला आल्यावर मावशीला मूळ कविता दिली. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला तिनं ती तशीच्या तशी ग्रुपवर टाकली, व्हतं आणि न्हाई आणि चुंबळीसकट, खाली नाव. अमेरिकेतल्या भाच्यानं लगेच लिहिलं, ‘मावशी, टायपिंगमध्ये बऱ्याच चुका आहेत.’

मावशीनं उत्तर द्यायला दहा मिनिटं घेतली. ती एका बोटानं टाइप करते.

‘चुका नाहीत. तिची आई अशीच बोलायची.’